विवाहपूर्व मार्गदर्शन सत्र, गंगापूर रोड : कौमार्याच्या गैरसमजांचा समाचार

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका खासगी स्त्रीरोग दवाखान्यात, लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी रविवारी सकाळी अडीच तासांचे मार्गदर्शन सत्र घेतले जाते. फी जोडप्यामागे एक हजार रुपये आहे. मुलगी एकटी आली, तर तिच्याबरोबर घरातील एका वडीलधाऱ्या बाईला बसू देतात. माझ्या भाचीचा नियोजित वर नोकरीनिमित्त परगावी असल्यामुळे या सवलतीतून मला आत बसता आले. दवाखान्याचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे काही दोष स्पष्टपणे नोंदवायचे आहेत आणि ते या एका दवाखान्यापुरते मर्यादित नाहीत. सत्राच्या पत्रकावर रक्तगट, थॅलेसेमियाची तपासणी, गर्भनिरोधन, लसीकरण असे बरेच विषय छापलेले होते. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक वेळ कौमार्य या एकाच विषयात गेला, आणि तो तसा जाऊ दिला म्हणूनच हे सत्र मला फीच्या मोलाचे वाटले. थॅलेसेमियाची माहिती कोणत्याही प्रयोगशाळेच्या भिंतीवर वाचायला मिळते. कौमार्याबद्दल मात्र आपल्याकडे आई बोलत नाही, शाळेतील बाई तो धडा घरी वाचायला सांगतात, आणि जे काही कळते ते हळदीच्या आदल्या रात्री एखाद्या करवलीच्या कुजबुजीतून कळते.

व्यवस्थेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पहिल्या मजल्यावरची खोली, दोन रांगा खुर्च्या, निफाड आणि सिन्नरकडून आलेली काही जोडपी, आणि उशिरा येऊन दाराजवळ अवघडून बसलेले एक-दोन तरुण. सत्र घेणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ पन्नाशीच्या असाव्यात. त्यांनी सुरुवातीलाच प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी दिली आणि पहिल्या रात्रीबद्दल आजवर जे जे ऐकले असेल ते नाव न घालता लिहायला सांगितले. चिठ्ठ्या गोळा झाल्यावर त्या टेबलावर पसरून सर्वांसमक्ष त्यांचे गठ्ठे लावले : रक्ताच्या चिठ्ठ्या, दुखण्याच्या चिठ्ठ्या, ‘डॉक्टरांना कळते का’ आणि ‘नवऱ्याला कळते का’. रक्ताचा गठ्ठा सर्वांत जाड झाला. एका चिठ्ठीवर ‘मुलीच्या चालण्यावरून कळते असे आत्या म्हणते’ असे लिहिलेले होते. ती वाचल्यावर खोलीत हसू पिकले, पण डॉक्टर हसल्या नाहीत. मुलीची चाल, कमरेची रुंदी, छातीचा आकार, चेहऱ्यावरचे तेज यांपैकी कशावरूनही तिच्या लैंगिक आयुष्याबद्दल काहीही सांगता येत नाही, हे त्यांनी एकेक शब्द सुटा करत सांगितले.

त्यानंतरचा शरीररचनेचा भाग हा या सत्राचा गाभा होता. योनीच्या तोंडाशी ताणून बसवलेला आणि पहिल्या संबंधात फाटणारा एक बंद पडदा असतो, अशी समजूत बहुतेकांच्या डोक्यात घट्ट बसलेली असते. तसा पडदा असता, तर वयात आलेल्या मुलीची पाळी बाहेर आलीच नसती. क्वचित एखाद्या मुलीत तो जन्मतः खरोखरच बंद असतो. अशा मुलीला दर महिन्याला पोटात दुखते, पण रक्तस्राव दिसत नाही, आणि तिच्यावर छोटी शस्त्रक्रिया करावी लागते. एरवी ज्याला आपण पडदा म्हणतो ती योनीमुखाच्या कडेने असलेली ओलसर त्वचेची घडी असते. कोणाची कड्यासारखी गोल, कोणाची चंद्रकोरीसारखी, कोणाची मधोमध पट्टी असलेली. वयात येताना इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे ती जाड, मऊ आणि ताणली जाणारी होते. हे सांगताना डॉक्टरांनी टेबलावरचे गुलाबी प्लास्टिकचे मॉडेल बाजूला सारले (ते इतके गुळगुळीत होते, की त्यावरून काहीच समजले नसते). स्वतःच्या केसांचा चुण्यांचा कापडी रबर काढून त्यांनी तो तीन बोटांवर ताणला, सोडला आणि पहिल्या रांगेतल्या मुलीच्या हातात दिला. “यावर आता माझ्या तीन बोटांची खूण शोधून दाखवा,” एवढेच त्या म्हणाल्या. तो मरून रंगाचा रबर हातोहाती शेवटच्या रांगेपर्यंत गेला, आणि दाराजवळच्या एका तरुणाने तो खरोखरच उलटसुलट करून पाहिला.

या मुद्द्यावर त्यांनी एका अभ्यासाचा दाखला दिला, तो मला महत्त्वाचा वाटला. २००४ साली बालरोगशास्त्राच्या एका नामांकित अमेरिकी नियतकालिकात ३६ गरोदर किशोरवयीन मुलींच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. त्या सर्व गरोदर होत्या, म्हणजे संबंध आलेला होता की नाही हा प्रश्नच नव्हता. तरीही निश्चितपणे संबंधाचा पुरावा म्हणता येईल अशा खुणा त्यांच्यापैकी केवळ दोघींच्या शरीरावर आढळल्या. जिथे गर्भारपण समोर आहे तिथेही तज्ज्ञांना खूण सापडत नसेल, तर नवऱ्याला किंवा सासूला ती कुठून सापडणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. लहानसहान जखम झाली, तरी ही घडी बहुधा व्रण न ठेवता भरून येते.

रक्ताच्या गठ्ठ्यावर अर्थातच सर्वांत जास्त वेळ गेला. पहिल्या संबंधात काहींना थोडे रक्त येते आणि अनेकींना मुळीच येत नाही. येते तेव्हाही ते बरेचदा घाई, भीती किंवा कोरडेपणा यांमुळे झालेल्या खरचटण्याचे असते. म्हणजे ज्या डागाला मुलीच्या चारित्र्याचा दाखला समजले जाते, तो डाग पुष्कळदा तिच्या जोडीदाराने धीर न धरल्याची खूण असतो. हे वाक्य माझे आहे, डॉक्टरांनी ते अधिक सौम्य शब्दांत सांगितले. दुखण्याविषयीही तसेच. पहिल्या वेळी दुखलेच पाहिजे असा काही नियम नाही. दुखते ते प्रामुख्याने योनीभोवतीचे स्नायू भीतीने आवळले गेल्यामुळे, आणि काही स्त्रियांमध्ये हे आवळणे इतके तीव्र असते, की लग्नानंतर अनेक महिने संबंध येऊच शकत नाही. त्यावर समुपदेशन आणि व्यायाम असे उपचार आहेत. घरचे मात्र अशा वेळी मुलीला हट्टी ठरवतात, हा त्यांचा अनुभव त्यांनी सांगितला. रक्तस्राव जास्त असेल किंवा थांबत नसेल, तर लाज न बाळगता दवाखान्यात यावे, हेही त्यांनी बजावले.

सत्रातील सर्वांत कसोटीचा क्षण एका तरुणाच्या प्रश्नाने आला. “पण मॅडम, सायकल चालवल्याने, खेळल्यानेही तो पडदा फाटतो ना?” असे त्याने विचारले, आणि विचारताना आपण फार उदार भूमिका घेतली आहे असे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. सुशिक्षित घरांत हे उत्तर सर्रास चालते. मुलगी खेळाडू होती, सायकल चालवत होती, म्हणून रक्त आले नसेल, समजून घ्या, असे म्हणून वडीलधारी माणसे वाद मिटवतात. डॉक्टरांनी तिथे मान डोलावून पुढे जाणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. सायकल, पोहणे किंवा धावणे यांमुळे त्या घडीला सहसा काहीही होत नाही, प्रत्यक्ष घाव बसला तर गोष्ट वेगळी, असे सांगून त्या पुढे म्हणाल्या, की सायकलीची सबब देणारा माणूस मूळ समजूत मान्यच करत असतो. पडदा असतो, तो फाटतो आणि फाटला तर खुलासा द्यावा लागतो, हे सगळे त्याने आधीच गृहीत धरलेले असते. मग ज्या मुलीने कधी सायकलला हात लावला नाही आणि तरी जिला रक्त आले नाही, तिने कोणता खुलासा द्यायचा? माझ्या मते सत्राचे सगळे सार या एका उत्तरात होते. गैरसमज दूर करण्याच्या नावाखाली त्याच गैरसमजाला टेकू देणारी व्याख्याने मी पुष्कळ ऐकली आहेत, आणि हे सत्र त्यांत मोडत नाही.

कायद्याचा भाग मात्र उरकल्यासारखा वाटला, आणि तो नाशिकमध्ये उरकला जावा याचे नवल वाटले. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे ‘जातपंचायत मूठमाती अभियान’ २०१३ साली याच शहरातून सुरू झाले. लग्नाच्या रात्री नववधूच्या अंथरुणावर पांढरे कापड घालून पंचांपुढे डागाची साक्ष काढण्याच्या प्रथेविरुद्ध कंजारभाट समाजातील तरुण-तरुणी स्वतःच उभे राहिले, आणि त्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्याच्या गृह राज्यमंत्र्यांनी कौमार्य चाचणी हा लैंगिक अत्याचार मानला जाईल असे जाहीर केले. जुलै २०१७ पासून लागू झालेल्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात बहिष्कार टाकणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. एवढी सामग्री हाताशी असताना डॉक्टरांनी ती दोन वाक्यांत संपवली. शिवाय ‘काही समाजांत अजूनही असे चालते’ हा त्यांचा सूर मला खटकला. पंचांपुढचे कापड उघड्यावर असते म्हणून ते दिसते. कॉलेज रोडवरच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना सुनेला आडून विचारला जाणारा प्रश्न दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

न्यायालयीन निर्णयांचा उल्लेखही असाच त्रोटक झाला. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी बलात्कारपीडितेवर केली जाणारी ‘दोन बोटांची चाचणी’ अशास्त्रीय ठरवून, ती करणाऱ्या व्यक्तीला गैरवर्तनाबद्दल दोषी धरले जाईल असे बजावले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कोठडीतील स्त्रीची कौमार्य चाचणी घटनेच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा, भंग ठरवली. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या अन्य संस्थांसह, अशा चाचणीला कोणताही वैद्यकीय आधार नाही आणि ती बंद व्हावी, असे निवेदन काढले होते. आणि लग्न ठरलेल्या जोडप्यांना सांगायलाच हवी अशी एक साधी गोष्ट म्हणजे, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात विवाहाच्या ज्या अटी दिल्या आहेत, त्यांत वधूचे कौमार्य ही अट नाही. ही सारी माहिती एका छापील पानावर मावली असती.

एक गोष्ट तर डॉक्टरांकडून सांगायची राहूनच गेली, आणि ती थेट नाशिकची आहे. दिंडोरी रोडवरील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाच्या न्यायवैद्यकशास्त्र अभ्यासक्रमातून ‘कौमार्याची चिन्हे’ हा भाग वगळला. सेवाग्राम येथील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी तो अशास्त्रीय असल्याचे दाखवून देत पाठपुरावा केला होता. म्हणजे तोपर्यंत राज्यातील भावी डॉक्टर परीक्षेसाठी ही चिन्हे पाठ करत होते. पुढे २०२४ च्या ऑगस्टअखेरीस राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात कौमार्याचा विषय पुन्हा डोकावला आणि टीका झाल्यावर सप्टेंबरात तो अभ्यासक्रम मागे घ्यावा लागला. ‘डॉक्टरांना कळते का’ या गठ्ठ्याला याहून नेमके उत्तर नव्हते. डॉक्टरांना कळत नाही, आणि कळते असे त्यांना शिकवले जात होते तेही चुकीचे होते.

उरलेल्या चिठ्ठ्यांचा फडशा भराभर पडला. टॅम्पॉन किंवा मासिक पाळीचा कप वापरल्याने कौमार्य जात नाही. पहिल्याच संबंधात गर्भ राहू शकतो, त्यामुळे ‘पहिल्या वेळी काही होत नाही’ या भरवशावर राहू नये. वारंवार संबंधांमुळे योनी सैल होत नाही, आणि ‘घट्ट’ करणाऱ्या मलमांनी बहुतेक वेळा नुसती आग आणि खाज पदरात पडते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणारी एचपीव्ही लस लैंगिक आयुष्य सुरू होण्यापूर्वी घेणे सर्वांत फायद्याचे असले, तरी नंतर ती निरुपयोगी ठरते असे नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही भारतीय बनावटीची लस २०२३ पासून बाजारात आहे आणि ती मुलग्यांनाही देता येते. ही लस मुलीला देणे म्हणजे तिला मोकळीक देणे, असे समजून ती नाकारणारे पालक आजही त्यांच्याकडे येतात, असे डॉक्टरांनी सांगितले. पडदा शिवून देण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल त्यांचे मत कडक होते. तिच्याने रक्त येईलच याची खात्री नाही, आरोग्यासाठी तिचा काहीही उपयोग नाही, आणि ब्रिटनने २०२२ मध्ये कायदा करून ती व कौमार्य चाचणी हे दोन्ही गुन्हे ठरवले आहेत. आपल्याकडे मात्र तिच्या जाहिराती उघडपणे होतात.

अविवाहित मुलींच्या तपासणीचा मुद्दा माझ्या भाचीने काढला. पाळीच्या तक्रारीसाठी शहरातील एका सोनोग्राफी केंद्रात गेली असता, ती ‘मिस’, म्हणजे अविवाहित, असल्यामुळे आतून करायची सोनोग्राफी करता येणार नाही, असे सांगून तिला परत पाठवले होते. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत चित्र स्पष्ट आले नाही आणि निदान लांबले. डॉक्टरांचे म्हणणे असे, की मुलगी सज्ञान असेल, तिला तपासणी समजावून दिली असेल आणि तिची संमती असेल, तर लग्न झालेले नाही एवढ्या कारणासाठी नकार देऊ नये. तिची इच्छा नसेल, तर आग्रहही धरू नये. उत्तर योग्य होते. मात्र खोलीतील एकाही मुलीला हे आधी ठाऊक नव्हते, यावरून या सत्राची गरज किती आहे ते दिसते.

पुरुषांच्या बाबतीत सत्र अपुरे पडले. पुरुषाच्या शरीरावर अनुभवाची खूण नसते हे सर्वांना मान्य असते आणि म्हणून त्याला कोणी काही विचारत नाही. स्त्रीच्या शरीरावरही ती नसते हे सिद्ध झाल्यावर, मग दोघांनाही सारखाच प्रश्न किंवा दोघांनाही सारखीच मोकळीक, एवढी साधी गोष्ट डॉक्टरांनी तोंडाशी आणून सोडून दिली. पहिल्या वेळी सर्व काही आपल्याला यायलाच हवे, या दडपणाखाली मुलगे असतात, त्याबद्दलही अर्धा तास बोलता आले असते. ‘नवऱ्याला कळते का’ या गठ्ठ्यातल्या चिठ्ठ्यांवरचे अक्षर पाहता, त्यांतील काही मुलग्यांनीच लिहिल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे.

आता दवाखान्याच्या त्रुटी. नोंदणीच्या वेळी मुलीला आणि मुलाला वेगवेगळे फॉर्म दिले जातात. मुलीच्या फॉर्ममध्ये ‘यापूर्वी लैंगिक संबंध : होय / नाही’ असा रकाना आहे, मुलाच्या फॉर्ममध्ये तंबाखू आणि मद्य यांपुढे काही नाही. वैद्यकीय कारणासाठी हा प्रश्न विचारावा लागतो हे मान्य आहे, पण तो दोघांनाही विचारावा आणि डॉक्टरांच्या खोलीत विचारावा. काउंटरवर वडील किंवा होणारे दीर शेजारी उभे असताना मुलगी तिथे खरे लिहील अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. माझ्यासमोर एका मुलीने तो रकाना कोरा ठेवला, तेव्हा रिसेप्शनवरील बाईंनी ‘अहो, एवढं राहिलंय’ असे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. वर अडीच तास जे शिकवले जाते, ते खाली दोन मिनिटांत धुऊन निघते. त्याच काउंटरवर ठेवलेल्या ‘ब्रायडल पॅकेज’च्या गुळगुळीत पत्रकात लेझरने योनीला ‘पूर्ववत’ करण्याचा उपचार मोठ्या अक्षरांत छापलेला आहे. डॉक्टरांना त्याबद्दल विचारले असता, तो विभाग भागीदारांचा आहे असे उत्तर मिळाले. हे उत्तर मला पटले नाही. ज्यांना हे सत्र घेण्याइतकी जाण आहे, त्यांना पत्रक उचलून ठेवण्याइतका अधिकार नक्कीच असेल.

किरकोळ तक्रारींत, पडद्यावरच्या स्लाइड इंग्रजीत होत्या आणि निफाडहून आलेल्या एका जोडप्याला त्या वाचता आल्या नाहीत. डॉक्टर स्वच्छ मराठीत बोलत असल्यामुळे फारसे अडले नाही. पावती विनासायास मिळते. सत्रानंतर दहा मिनिटे एकांतात बोलण्याची सोय आहे, तिची वेगळी फी नाही, आणि ती जोडप्याला एकत्र न देता दोघांना स्वतंत्र दिली जाते. ही सोय फार चांगली आहे आणि ती मागून घ्यावी, कारण आपणहून कोणी सांगत नाही.

लग्न ठरलेल्यांनी या सत्राला जावे, शक्यतो दोघांनी मिळून आणि पत्रिका छापायला टाकण्यापूर्वी जावे, अशी माझी शिफारस आहे. ज्यांना कायद्याची माहिती हवी असेल, त्यांनी ती अन्यत्र मिळवावी. निघताना मी डॉक्टरांना विचारले, की केवळ सासवा, आत्या आणि मावश्यांसाठी वेगळी तुकडी का ठेवत नाही? चिठ्ठ्यांवरच्या निम्म्या समजुती त्यांच्याच तोंडच्या होत्या. “जागा आहे, वेळही काढीन, पण फी भरून येणार कोण, ताई?” असे त्या म्हणाल्या. चातुर्मासात लग्ने नसल्याने सत्रे कमी होतात. तेव्हा अशी एक तुकडी फी न घेता करून पाहण्याचे त्यांनी कबूल केले आहे, आणि पहिल्या नावाच्या जागी त्यांनी माझेच नाव लिहून घेतले आहे.